रोटाव्हेटरचं पातं : धार, वेल्डिंग आणि बाकीचे गैरसमज

रोटाव्हेटर नीट चालेनासा झाला की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो : “पाती बोथट झालीत, ग्राइंडर मारून आण.” सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विळा असतो. पण हे पातं मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेत मातीवर आदळतं, ढेकूळ फोडतं आणि मागे फेकतं. त्याचं लोखंडच झिजून संपत असतं. उरलेलं लोखंड पुन्हा घासून काढलं तर पातं आणखी तोकडं होतं, एवढाच धार लावण्याचा परिणाम.

शिवाय घासताना पातं तापतं. त्यावर निळसर झाक आली की तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलेलं असतं. टोक लाल झालं तर पात्याला कारखान्यात दिलेलं पाणी उतरलंच म्हणून समजा. असं पातं मुरमाड रानात फार दिवस टिकत नाही.

मग बदलायचं कधी? त्यासाठी एक नवं पातं घरात ठेवावं आणि जुनं त्याच्या शेजारी धरून पाहावं. एल आकाराच्या पात्याचा वळलेला आडवा भाग सगळ्यात आधी जातो. हा आकार उगाच आलेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा इथं आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी 1912 मध्ये फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रात माती बाजूला उधळली जाई. बारीक व्यासाच्या दांड्यावर अंतरा-अंतरानं फ्लँज आणि त्यांवर एल आकाराची पाती, ही जुळणी केल्यावर तो प्रश्न सुटला. त्याचं पेटंट 1920 चं. म्हणजे आडवा भाग झिजून पातं नुसत्या पट्टीसारखं उरलं की यंत्रामागची मूळ कल्पनाच गेली.

पातं टोकाशी तीन सेंटिमीटर झिजलं तर त्याची पोचही तेवढीच कमी होते. आपण काय करतो? बाजूचे स्किड वर घेऊन यंत्र आणखी खाली सोडतो. खोली मिळाल्यासारखी वाटते. पण आता फ्लँज आणि मधला दांडाही मातीला घासायला लागतो, ट्रॅक्टर धूर ओकतो, आणि पाचट, पऱ्हाट्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या दांड्याला गुंडाळल्या जातात. ही गुंडाळी टोकाच्या ऑइल सीलपर्यंत पोचली की तेल गळतं आणि बेअरिंग जातं. पात्याचे पैसे वाचवताना खर्च तिकडे निघतो.

दुसरा गैरसमज हिशेबी माणसांचा : “झिजलेली तेवढीच बदलू.” ट्रॅक्टरच्या चाकांमागे माती दबलेली असते, म्हणून तिथली पाती लवकर झिजतात हे खरं. पण झिजक्या पात्यांमध्ये चार नवी, लांब पाती बसवली की आधी तीच मातीत शिरतात. सगळा मार त्यांच्यावर येतो, दांडा असमतोल फिरतो आणि यंत्र थरथरायला लागतं. संच एकदम बदलावा. काढलेल्या पात्यांतली बरी दहा-बारा मात्र भंगारात घालू नयेत. अर्ध्या हंगामात दगडावर एखादं पातं मोडलं तर त्या वेळच्या संचाइतकंच झिजलेलं पातं त्या ठिकाणी बसवता येतं. नव्या संचातलं पातं पहिल्याच आठवड्यात मोडलं तर तिथं नवंच बसवावं.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो डाव्या-उजव्यात. दुकानातून आणलेली दोन पाती एकमेकांना पाठ लावून धरा : वाकलेले पाय विरुद्ध दिशांना जातात. मधल्या प्रत्येक फ्लँजवर साधारण सहा पाती असतात, तीन डावी, तीन उजवी. टोकाच्या दोन फ्लँजवर तीन-तीनच, आणि त्या सगळ्यांचं तोंड आत, नाहीतर ती बाजूच्या पत्र्यावर आदळतील. म्हणूनच पाच फुटी यंत्राला बहुधा 36, सहा फुटीला 42 आणि सात फुटीला 48 पाती लागतात. दांड्यावरून पाहिलं तर ती मळसूत्रासारखी सरकत गेलेली दिसतात. सगळी एकदम जमिनीवर आदळू नयेत, पाठोपाठ पडावीत, गिअरबॉक्सला धक्के बसू नयेत, म्हणून ही मांडणी. ती चुकली तर यंत्र उड्या मारतं.

त्यामुळे सगळी पाती सोडून ढीग घालून बसू नका. एका वेळी एकच फ्लँज उघडा, शेजारचा बघून बसवा. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर आणखी बरं. आणि धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे प्रत्येक पात्याला पाहा. उलटं बसलेलं पातं पाठीनं माती बडवतं. नवी पाती बसवूनही यंत्र जमिनीत शिरत नसेल तर पहिला संशय हाच घ्यावा.

वेल्डिंगचं प्रकरण मात्र सरळ हो-नाहीचं नाही. झिजरोधक खास रॉडनं, योग्य पद्धतीनं पात्याच्या टोकावर थर चढवला तर झीज कमी होते. गावात होतं ते वेगळं : साध्या रॉडनं पट्टीचा तुकडा डकवून पातं लांब केलं जातं. तो तुकडा मऊ असतो, आणि जोडाशेजारचं पोलाद तापून-निवून ठिसूळ झालेलं असतं. पातं तिथंच तुटतं, आणि सुटलेला तुकडा कुठं जाईल याचा भरवसा नाही. माझ्या मते हा उद्योग करूच नये.

जाड पातं म्हणजे टिकाऊ पातं, हेही अर्धसत्य. रंग मारल्यावर बोरॉन पोलादाचं, नीट पाणी दिलेलं पातं आणि साध्या प्लेटमधून कापलेलं पातं सारखंच दिसतं. दुकानातच कडेला कानस फिरवून पाहावी. मऊ लोखंडात ती सहज चावते, भुगा पडतो. पाणी दिलेल्या पात्यावर घसरते, जेमतेम ओरखडा उमटतो. नुसता कडकपणाही कामाचा नाही, गोट्यांच्या रानात फार कडक पातं काचेसारखं मोडतं.

बोल्ट जुनेच वापरायची सवय तर सर्रास. पात्याचे बोल्ट सतत हादरे खातात, ताणले जातात. माथ्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असलेले नवे बोल्ट, नवे नट आणि वॉशर घ्या. फ्लँजचं भोक लांबट झालं असेल तर नवा बोल्टही टिकत नाही, आधी फ्लँजचं काम करा. बसवल्यावर तासभर चालवून सगळे नट पुन्हा आवळा. रंग आणि गंज दबला की ते थोडे ढिले होतातच.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे : “हायड्रॉलिकवर उचललाय, काही होत नाही.” उचललेला रोटाव्हेटर केवळ तेलाच्या दाबावर लटकलेला असतो. सील गळतं, एखादं पोर लिव्हरला हात लावतं, आणि काही क्विंटलचं यंत्र खाली येतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट काढलेला, आणि दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे. मोकळा झालेला दांडा हातानंही फिरतो, तेव्हा त्यालाही पाचर लावा आणि जाड हातमोजे घाला. पान्हा त्यानंतरच हातात घ्या.