वायर जोडली, चित्र कुठंय?

बोईसरच्या खोलीत असो की पालघरच्या शाळेत, लॅपटॉप एचडीएमआय वायरीनं टीव्हीला जोडला की पडद्यावर हमखास उमटतं ते ‘नो सिग्नल’. लगेच वायर बदलायला धावू नका. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबा आणि वायर ज्या खाचेत आहे तीच एचडीएमआय १ किंवा २ निवडा. बरीच प्रकरणं इथंच मिटतात.

वायर खोचल्यावर आत जे घडतं, ते मला फार देखणं वाटतं. एचडीएमआयच्या टोकात १९ पिना असतात. एकीवरून टीव्ही ‘मी जोडला गेलो’ असा इशारा देतो. मग दुसऱ्या दोन पिनांवरून लॅपटॉप त्याची माहिती मागवतो: पडदा किती बिंदूंचा, सेकंदाला किती चित्रं झेपतात, आवाज कोणत्या प्रकारचा चालतो. ही माहिती वाचूनच चित्र निघतं, समजा १९२० गुणिले १०८० बिंदूंचं. आवाजही त्याच वायरीतून जातो. तो लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर स्पीकरच्या चिन्हावर टीव्हीचं नाव निवडायचं. जुन्या व्हीजीए वायरीतून मात्र फक्त चित्र जातं.

विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबली की ‘डुप्लिकेट’चा, म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवण्याचा पर्याय मिळतो. वर्गासाठी तोच बरा.

तारापूरपासून सातपाटीपर्यंत किनाऱ्यावर आणखी एक त्रास आहे, खाऱ्या दमट हवेचा. पिना हळूहळू काळवंडतात आणि चित्र लुकलुकतं. दोन्ही उपकरणं बंद करून कोरड्या, मऊ ब्रशनं टोक झाडावं. आत टाचणी किंवा सुई कधीच घालू नये.