वहीतला ढीग आणि जमिनीवरचा ढीग

परळी वैजनाथ म्हटलं की भाविकांना ज्योतिर्लिंग आठवतं, इतिहासाच्या विद्यार्थ्याला देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आठवतात आणि रेल्वेने येणाऱ्याला दुरूनच औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. माझ्यासारख्या हिशेब तपासणाऱ्या माणसाचं लक्ष मात्र धुराड्यांच्या पायथ्याकडे जातं. तिथे कोळशाचा ढीग असतो. वहीत त्याचं वजन टनांत लिहिलेलं असतं. प्रश्न इतकाच, की वहीतला ढीग आणि जमिनीवरचा ढीग एकच आहेत का?

वाटतं तितकं हे सोपं नाही. सोन्याची साखळी तराजूत टाकता येते, कोळशाचा डोंगर टाकता येत नाही. त्याची लांबी, रुंदी, उंची मोजायची, घनफळ काढायचं आणि घनतेने गुणायचं. पण बुलडोझर फिरून दबलेला कोळसा आणि वाघिणीतून नुकताच उतरलेला भुसभुशीत कोळसा यांची घनता सारखी नसते. पावसात वजन वाढतं, उन्हात घटतं. खालचा थर मातीत मिसळतो, आतला कोळसा कधी कधी आपोआप पेटून धुमसत राहतो. त्यामुळे थोडी तूट प्रामाणिक कारभारातही येतेच. मात्र ‘थोडी’ या शब्दाच्या आडोशाला पुष्कळ काही लपू शकतं. म्हणून खाणीवरचं वजन, रेल्वेची पावती, केंद्रातल्या काट्यावरचं वजन, बॉयलरमध्ये गेलेला कोळसा आणि तयार झालेली वीज हे पाच आकडे शेजारी शेजारी मांडायचे. एक जण खोटं बोलू शकतो; पाच जणांना एकच खोटं बोलायला लावणं अवघड असतं.

परळीत वीजनिर्मिती सुरू झाली ती १९७१ साली, ३० मेगावॉटच्या संचाने. ते जुने संच कधीच निवृत्त झाले, २५० मेगावॉटचे आले. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी सगळं केंद्रच बंद ठेवावं लागलं. अशा वेळी साठ्याबद्दल दुसरा प्रश्न उभा राहतो. माल आहे, हे खरं. पण त्याचं मोल काय? पडून राहिलेल्या कोळशाची उष्णता घटते, त्यात अडकलेल्या पैशावर व्याज मात्र चढत राहतं. म्हणजे नुसती मोजणी करून भागत नाही.

साठा डोळ्यांनी पाहावा, हा नियम आज बाळबोध वाटतो. पण तो जगाला ठेच लागून शिकावा लागला. अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषधांची बडी कंपनी होती. कॅनडातल्या गोदामांत तिचा माल असल्याची कागदपत्रं होती, बिलं होती, येणी होती. नव्हता तो माल. खोट्या नावाने अध्यक्षपदी बसलेला फिलिप म्युझिका आणि त्याचे भाऊ हे सारे कागद तयार करत होते. १९३८ मध्ये हे उघडकीला आलं. तपासनिसांनी कागद तपासले होते, पण गोदामात कोणी गेलं नव्हतं, कारण तसा रिवाजच नव्हता. त्यानंतर तिथे दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या: साठ्याच्या मोजणीला हजर राहायचं आणि ज्याच्याकडे येणं आहे त्याला थेट पत्र लिहून विचारायचं. आपल्याकडच्या लेखापरीक्षणाच्या मानकांतही या दोन्ही गोष्टी आहेत. तरी ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’च्या रामलिंग राजूंनी कबुली दिली, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वातच नाही आणि येणीही ४९० कोटींनी फुगवलेली आहेत. शहाणपण एकदा शिकून पुरत नाही, हेच खरं.

येण्यांची तपासणी म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या गृहिणीला कुठल्याही सनदी लेखापालाइतकंच कळतं. दूधवाला आला नाही की ती कॅलेंडरवर खाडा मांडते. दूधवाला आपल्या वहीत मांडतो. महिनाअखेरीला दोन्ही ताडून पाहिले जातात आणि मगच पैसे दिले जातात. दोन स्वतंत्र नोंदी, दोन वेगळ्या हातांत. ज्याला आम्ही ‘अंतर्गत नियंत्रण’ असं भारदस्त नाव देतो, त्याचं मूळ इथेच आहे. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे वही नको. माल मागवणारा, उतरवून घेणारा आणि पैसे चुकवणारा हे तिघे वेगळे हवेत. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, तर चांगल्या माणसाला मोह पडू नये म्हणून.

आता परळीच्या दुसऱ्या ‘येण्या’कडे वळू. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी उलटली की इथल्या गावांतून आणि तांड्यांतून बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी या कोयत्याला मुकादमाकडून उचल मिळते. हा पैसा बहुधा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे असा उतरत येतो. कारखान्याच्या ताळेबंदात ती असते ‘ऊसतोडणी व वाहतुकीसाठी दिलेली आगाऊ रक्कम’, म्हणजेच येणं.

हे येणं तपासताना करारनामा पाहायचा, जामीनदार पाहायचे, हंगामात किती टन ऊस आला आणि त्यातून किती वजावट झाली ते पाहायचं. हंगाम संपूनही शिल्लक उरली असेल, तर ती वसूल होईल का, याचा अंदाज घ्यायचा. टोळी कागदावरच आहे की खरोखर फडात उतरली होती, हे वजनाच्या पावत्यांवरून ताडायचं. ठेकेदाराला पत्र जातं, रक्कम मान्य असल्याचं त्याचं उत्तर येतं, आणि फाईल पूर्ण होते.

पण साखळीच्या शेवटच्या कडीला कोणी पत्र लिहीत नाही. किती उचल घेतली, किती टन तोडला, त्यातून किती फिटली, हे सारं मुकादमाच्या डायरीत. फडात पहाटेपासून वाकून मोळ्या बांधणाऱ्या बाईकडे त्याची दुसरी नोंद नसते. तिचा फार तर अंगठा असतो. हंगामाच्या शेवटी ‘अजून इतकी फिरली’ असं सांगितलं, की ती पुढच्या साली पुन्हा बांधील. तिच्या घरी कॅलेंडर नाही असं नाही. त्यावर खाडा मांडायची मुभा तिला कोणी दिलेली नाही.

नियमाने बोलायचं तर कारखान्याचा ऋणको ठेकेदार, ती नव्हे. अशी खाती माझ्यासमोर आली, की मी कोयतानिहाय टनेजच्या पावत्यांची प्रत कामगाराच्या हातात पडते का, असं विचारतो. काही ठिकाणी मनावर घेतात, काही ठिकाणी ‘साहेब, हे तुमच्या कामात येतं का?’ असं नम्रपणे विचारतात. कलमाने येत नसेलही. पण नियंत्रणाचा अर्थ दोन हातांतल्या दोन नोंदी असा असेल, तर एकाच हातातल्या डायरीवर उभं राहिलेलं येणं मला कधी पक्कं वाटलेलं नाही.

उपाय काही कोट्यवधींचा नाही. कोयत्यामागे एक साधी वही, दर पंधरवड्याच्या बिलाबरोबर चार आकडे: घेतलेली उचल, तोडलेला ऊस, झालेली वजावट, उरलेली शिल्लक. खाली मुकादमाची सही. आईला वाचता आलं नाही तरी आज बहुतेक घरांत शाळेत जाणारं एक तरी पोर असतं. ते वाचून दाखवील. आकडा चुकला तर ‘हा कसा?’ असं विचारील. कुठल्याही तपासणीची सुरुवात याच प्रश्नाने होते, आणि तो विचारायला सनद लागत नाही.