ई-कॅडहेरिनची साक्ष

स्तनातील दुग्धनलिकांच्या अस्तरपेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने परस्परांस जखडलेल्या असतात. ते लोपून व्हिमेंटिन वाढले, म्हणजे स्थिर अस्तरपेशी संचारी बनत आहे, असे अनुमान करतात. स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनचे जनुक दडपते, हे २००० साली सिद्ध झाले. ही साक्ष मात्र एकटीने ग्राह्य नव्हे. लोब्युलर जातीच्या कर्करोगात त्या जनुकाच्या उत्परिवर्तनानेच ई-कॅडहेरिन नाहीसे होते. तेवढ्याने पेशीचे रूपांतर ठरत नाही. दुसरीकडे, एपकॅम या अस्तरपेशींच्या खुणेवरून रक्तातील कर्कपेशी वेचणाऱ्या चाचणीतून नेमक्या रूपांतरित पेशी निसटू शकतात. २०१३ साली रुग्णांच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या खुणा एकत्र बाळगणाऱ्या पेशीही आढळल्या. एका रुग्णेत तर उपचार लागू पडताच संचारी पेशींचे प्रमाण घटले व रोग बळावताच पुन्हा वाढले.