‘मी फक्त फॉरवर्ड केलं!’

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आमच्या नारायणगावात बायकांना बोलायला फुरसत नसते. २०२० च्या पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीला आम्ही सहा-सातजणीच होतो, त्याही तोंडाला पदर लावून, लांब लांब बसलेल्या. सगळ्या उठल्यावर एक मैत्रीण मागे रेंगाळली. म्हणाली, “ताई, पोरगी आठ दिवस झाले मोबाईलवरच्या तासाला बसत नाही. जेवतसुद्धा नाही धड. विचारलं की रडते.”

त्या वर्षी कोरोनामुळे शाळा मोबाईलमध्ये आली होती. उसनवारी करून आयांनी पोरांना फोन घेऊन दिले होते. पण त्या फोनमधून आणखी काय घरात येतंय, याची कल्पना आपल्यापैकी कितीजणींना होती?

मी मुलीला जवळ घेऊन बसले. पोर नववीतली. तास चालू असताना तिला जांभई आली, तेवढ्यात कुणीतरी तिचा फोटो टिपला. त्यावर घाणेरडी ओळ लिहून स्टिकर बनवलं आणि मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. “आईला का नाही सांगितलंस गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “काकू, आई मोबाईल काढून घेईल. मग माझी शाळाच बंद.”

घरी येऊन मी माझ्या मुलाला विचारलं. तोही त्याच वर्गातला. मान खाली घालून म्हणाला, “मी नाही बनवलं. मी फक्त फॉरवर्ड केलं. गंमत होती.”

मैत्रिणींनो, गावभर लोकांना शहाणपण सांगत फिरणारी मी! त्या रात्री मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मुलीच्या घरी गेले. त्याने तिची माफी मागितली, ग्रुपवरही लिहिलं की आपण चुकलो, सगळ्यांनी ते स्टिकर काढून टाका. मुलगी तासाला बसू लागली, पण वर्षभर तिने कॅमेरा काही चालू केला नाही.

ही ‘गंमत’ कुठवर जाते बघा. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा जणू लिलाव मांडला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने या प्रकरणात ज्यांना अटक केली, त्यांत अठरा ते एकवीस वर्षांची मुलंमुली होती, इंजिनिअरिंगचा विद्यार्थीसुद्धा! शिक्षण होतं, पण दुसऱ्याच्या लेकीबाळींचा मान राखायचं वळण कुठे होतं?

मुलीला “जपून राहा” असं आपण दिवसातून दहादा सांगतो. मुलाला “कुणाचा फोटो पुढे पाठवू नकोस” असं किती वेळा सांगतो? जे चारचौघांत तोंडावर बोलायची लाज वाटते, ते मोबाईलवर लिहायचं नाही, एवढा साधा नियम घरात असू द्या.

आणि आपल्याच मुलीवर वेळ आली तर? आधी तिला सांगा, “तुझी चूक नाही.” मोबाईल हिसकावून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. रागाच्या भरात मेसेज पुसू नका, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढून नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. मग त्या माणसाला ब्लॉक करा, अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. प्रकार गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात जा किंवा सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे. कुणाचे खासगी अवयवांचे फोटो परवानगीशिवाय काढणं, पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालच्या मुलांचे अश्लील फोटो पसरवणाऱ्याला तर कलम ६७-बी खाली पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत. “फक्त फॉरवर्ड केलं” म्हणून सुटका होत नाही.

आज रात्री जेवताना मुलांना सहज विचारा, “तुमच्या ग्रुपवर हल्ली कुणाची चेष्टा चालली आहे?” उत्तर ऐकताना मात्र ओरडू नका. मी तेव्हा उशिरा विचारलं, तुम्ही आजच विचारा.