चाकाचा आस, बायकरची आस

कस्टम बाइक म्हटलं की आपली नजर कुठे जाते? टाकीवरच्या मॅट ब्लॅक पेंटवर, रुंद हँडलबारवर, फार तर सायलेन्सरवर. चाकाच्या मधून जाणाऱ्या दांडीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मेकॅनिक तिला एक्सल म्हणतात, बैलगाडीच्या जमान्यातली माणसं आस. ताशी ऐंशीच्या स्पीडला तुमचं-आमचं सगळं याच आसावर फिरत असतं, बॉस!

पुण्यातल्या माझ्या एका आयटीवाल्या मित्राला जुन्या यझदीला डिस्क ब्रेक हवा होता. (म्हैसूरच्या आयडियल जावाची ही गाडी, कारखाना १९९६मध्ये बंद पडला.) फोर्क एका बाइकचा, डिस्कवालं चाक दुसरीचं. फोर्कचा आस १७ मिलीमीटर जाड, चाकातल्या ६२०२ बेअरिंगचं भोक १५चं. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने सरळ सुचवलं, ‘आस घासून बारीक करू!’ तेव्हा कुणीतरी वडूजच्या एका लेथवाल्या काकांचं नाव सांगितलं आणि एका शनिवारी आम्ही सातारा-कोरेगाव-पुसेगाव करत पोचलो.

घरामागे पत्र्याची शेड, त्यात जुना लेथ. एरवीचं काम ट्रॅक्टरच्या पिना आणि पंपाचे शाफ्ट. काकांची पहिली अट, ‘ताई, नाव छापायचं नाय.’ दुसरी, आसाला कानस लागणार नाही. घासलेल्या दांडीवर जिथे खाच पडते, तिथूनच ती एक दिवस तुटते.

मग उपाय? बेअरिंगच बदलायचं. ६००३ बाहेरून तेवढंच, ३५ मिलीमीटर. आतून मात्र १७. जाडी ११ऐवजी १०. वजन पेलायची ताकदही थोडी कमी, हे काकांनी आधीच सांगून टाकलं. ‘डबलशीट लडाखला जायाचं आसंल तर ह्ये नगं.’ असा स्पष्ट बोलणारा मेकॅनिक मी तरी पुण्यात फारसा पाहिलेला नाही.

खरा खेळ पुढे होता. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, स्पेसर. ती आखूड पडली, तर नट आवळताना दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या तिरक्या दाबल्या जातात, बेअरिंग तापतं आणि शेवटी फुटतं. पुढच्या चाकात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. नळी अगदी किंचित लांब चालते. किंचित म्हणजे ऑफिसच्या प्रिंटआउटच्या कागदाच्या जाडीएवढी, साधारण ०.१ मिलीमीटर.

गप्पांत काका सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लेथवर मात्र व्हर्नियर हातातून सुटत नाही. हबची खोली दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा मोजली. साध्या एमएसऐवजी ईएन-८चा तुकडा घेतला, १७चं भोक पाडलं, दोन्ही तोंडं सपाट केली. बेअरिंग एकेक मिलीमीटर बारीक म्हणून बाहेरचे दोन्ही बुश तेवढेच लांब केले. बेअरिंग बसवताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगेवर, आतल्या रिंगेवर कधीच नाही. नट आवळल्यावर काकांनी चाक बोटाने फिरवलं आणि कान लावून बसले. मित्राचा श्वास अडकलेला!

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांना चाप लावतं आणि उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये बजावलं. वडूजहून विटा-कडेगावकडे गेलं की देवराष्ट्रे लागतं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं तोंडभर कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि २०२२मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही! काकांनीही मित्राला बजावलं, आधी आरटीओत विचार, तोवर गाडी रोडवर नको.

यझदी टेम्पोतून आली होती, टेम्पोतूनच परत निघाली. बिल मित्राच्या हेल्मेटपेक्षा कमी. निघताना काकांनी नळीचं माप वहीत लिहून ठेवलं. परवानगी मिळून पाचशे किलोमीटर झाले की चाक खोलायला पुन्हा वडूजला यायचं, या बोलीवर.