इंटेल जीएमए ५००

इंटेल जीएमए ५०० हा इंटेल कंपनीच्या यूएस१५डब्ल्यू या चिपसेटमध्ये अंतर्भूत असलेला ग्राफिक्स घटक आहे. तो २००८ साली ॲटम झेड५ मालिकेतील प्रोसेसरांसोबत बाजारात आला. या चिपसेटचे सांकेतिक नाव ‘पॉल्सबो’ असे होते. सोनी व्हायो पी, नोकिया बुकलेट ३जी, डेल मिनी १२ इत्यादी लहान लॅपटॉपांत त्याचा वापर झाला. निर्मात्याच्या नावावरून लिनक्सशी असलेली सुसंगतता गृहीत धरता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

पार्श्वभूमी

एकात्मिक ग्राफिक्स असलेल्या संगणकात चित्रनिर्मितीसाठी वेगळे कार्ड नसते. त्या काळी हे काम प्रामुख्याने चिपसेट करत असे व त्यासाठी मुख्य रॅमचाच काही भाग वापरत असे. लिनक्समध्ये या घटकाचा ड्रायव्हर प्रामुख्याने दोन भागांत विभागलेला असतो. कर्नेलमधील भाग पडद्याचे रेझोल्यूशन ठरवतो व रॅमचे वाटप करतो. कर्नेलबाहेरील भाग त्रिमितीय चित्रणाच्या आज्ञा त्या घटकाला समजतील अशा स्वरूपात आणतो. दोन्ही भाग उपलब्ध असले, तरच घटकाची पूर्ण क्षमता वापरता येते.

इंटेलने स्वतः रचलेल्या ग्राफिक्स घटकांसाठी असे मुक्त स्रोत ड्रायव्हर उपलब्ध होते. २००८ साली कंपनीने ९६५ चिपसेटच्या ग्राफिक्सचे तांत्रिक दस्तऐवजही प्रसिद्ध केले. त्यामुळे लिनक्स वापरणारे अनेक जण इंटेल ग्राफिक्सला प्राधान्य देत.

अडचणीचे कारण

जीएमए ५०० चा गाभा इंटेलचा नव्हता. तो इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीचा पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३५ होता. त्याची अंतर्गत माहिती खुली नसल्याने इंटेलचा नेहमीचा आय९१५ ड्रायव्हर येथे निरुपयोगी ठरला. सुरुवातीला मिळालेल्या ‘पीएसबी’ ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला होता, परंतु त्रिमितीय चित्रणाचा भाग केवळ बंदिस्त द्विमान स्वरूपात दिला जाई. लिनक्स कर्नेल आणि एक्स सर्व्हर यांचे अंतर्गत दुवे आवृत्तीगणिक बदलतात. स्रोत हाती असल्यास ड्रायव्हर त्यानुसार दुरुस्त करता येतो. बंदिस्त भाग मात्र जुन्या आवृत्तीशीच जखडून राहतो.

परिणामी प्रणाली अद्ययावत करताच चित्रण बिघडण्याची शक्यता असे. योग्य ड्रायव्हर नसल्यास सर्वसाधारण ‘व्हेसा’ ड्रायव्हरवर भागवावे लागे. त्यात पडद्याचे मूळ रेझोल्यूशन मिळेलच असे नसे आणि चित्रणाचा सारा भार प्रोसेसरवर पडे. त्याच काळातील ॲटम एन२७० प्रोसेसर व जीएमए ९५० ग्राफिक्स असलेले लॅपटॉप लिनक्सवर मुक्त ड्रायव्हरने चालत. दोन्ही प्रकारांवर इंटेलचेच नाव असल्याने ग्राहकाला हा फरक सहज कळत नसे.

मुक्त ड्रायव्हर

ॲलन कॉक्स यांनी तयार केलेला ‘जीएमए५००’ हा मुक्त ड्रायव्हर २०११ मध्ये कर्नेलच्या २.६.३९ आवृत्तीत प्रायोगिक विभागात दाखल झाला. २०१२ मधील ३.३ आवृत्तीत त्याला मुख्य विभागात स्थान मिळाले. त्यामुळे पडद्याचे मूळ रेझोल्यूशन मिळू लागले. त्रिमितीय चित्रण आणि व्हिडिओ उलगडण्याची यंत्रांतर्गत सोय मात्र त्यात नाही. ही कामे प्रोसेसरलाच करावी लागतात. इमॅजिनेशनच्या नंतरच्या ‘रोग’ रचनेसाठीचा मुक्त ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नेलच्या ६.८ आवृत्तीत आला, परंतु जुनी एसजीएक्स मालिका त्याच्या कक्षेत येत नाही.

ओळख

‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा क्रमांक दाखवण्याच्या पर्यायासह दिल्यास ग्राफिक्स घटकाचे निर्माता-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक दिसतात. जीएमए ५०० चा निर्माता-क्रमांक ८०८६, म्हणजे इंटेलचाच आहे. ८१०८ किंवा ८१०९ या उपकरण-क्रमांकावरून तो ओळखता येतो. म्हणून लिनक्ससाठी जुना संगणक निवडताना कंपनीच्या नावापेक्षा हा क्रमांक पाहणे आणि त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे का, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते.