दिव्याच्या खिडकीत काय उगवतं?

ठाण्याजवळच्या दिव्यात बागेचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: माणसांनाच जागा नाही, झाडं कुठे लावायची? एका खोलीला एक खिडकी, तिला ग्रील, आणि घरातले सगळे पहाटेच्या लोकलने गेलेले. हे सगळं खरंच आहे. पण मेथीला चार इंच खोली पुरते. तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापला की तेवढी मिळते. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांची समुद्रमेथी येते, ती तर वाळूच्या वाफ्यात वाढवतात. घरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरले, तर दोनेक आठवड्यांत मूठभर कोवळी मेथी निघते.

‘चांगली लाल माती आणा’ हा सल्लाही असाच सगळीकडे मिळतो. डब्यात नुसती लाल माती काही दिवसांत विटेसारखी घट्ट होते. शिवाय ती जड. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली, तर वजन तीस किलोच्या आसपास जातं. ग्रीलवर अशा दोन-तीन बादल्या ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. सगळं मातीनेच भरायला हवं असंही नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास भाज्या आणि फळझाडं लावायला घेतली, ती स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून घरच्या काडीकचऱ्यापासून माती घडवायला किती तरी लोकांना शिकवलं होतं. आपल्यासाठी सोपं प्रमाण असं: एक वाटा माती, एक वाटा कंपोस्ट, एक वाटा कोकोपीट.

आता सगळ्यात चिवट गैरसमज. डब्याच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले की पाणी चांगलं निथळतं, असं जुनीजाणती माणसंही सांगतात. होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजून ओथंबल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. म्हणजे ओला थर तळाशी राहायचा तो खडीमुळे वर, मुळांपाशी येतो, आणि मातीची खोलीही कमी होते. खडी नको, भोकं हवीत. पाच-सहा भोकं पाडा, त्यांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि थेट मिश्रण भरा.

जास्त पाण्याने मुळं कुजलेलं रोपही कोमेजलेलंच दिसतं, म्हणून घाबरून आणखी पाणी घातलं जातं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. नळाला पाणी कमी असेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं बिनमिठाचं पाणी चालतं. आरओ प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नये. त्यात क्षार दाटलेले असतात आणि डब्यातल्या थोड्या मातीत ते साठत जातात. खाडीकाठच्या मचूळ बोअरचंही तेच.

दिवसभर घरी कोणी नसेल त्यांच्यासाठी बाटली आहे. दोन लिटरची बाटली मधून कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, बुचाच्या भोकातून जुनी सुती नाडी खाली सोडायची. खालचं पाणी नाडी वर ओढते. जोडाची फट कापडाने बंद करा, नाहीतर आतल्या पाण्यात डास होतील. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डब्यांखालच्या उघड्या थाळ्या तर दर आठवड्याला घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात, नुसतं पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत.

‘घरचं म्हणजे शुद्धच’ हेही सरसकट खरं नाही. रुळांकडेच्या पालकाला नाल्याचं पाणी मिळतं, हे मध्य रेल्वेचा प्रवासी वर्षानुवर्षं ऐकत आला आहे. रस्त्याकडेची माती उचलून घरी आणली, तर तोच प्रश्न आपण खिडकीत आणून ठेवतो. कीटकनाशकाचा, रंगाचा, इंजिन ऑइलचा डबा खाण्याच्या भाजीला कधीच वापरू नये, कितीही धुतला तरी.

कढीपत्त्याची काडी खोचली की फुटते, असं मानून लोक वर्षभर वाट पाहतात. ती क्वचितच मूळ धरते. झाडाच्या बुडातून आलेलं मुळासकट पिल्लू किंवा ताजं बी लावावं. पुदिन्याची काडी मात्र पेल्यातल्या पाण्यातच मुळं सोडते.

ऊन नाही, ही तक्रार राहतेच. मिरची आणि टोमॅटोला सहा तास थेट ऊन हवं, त्यात तडजोड नाही. पण आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा एरवी सावलीतली उत्तरेची खिडकीही थोडी उजळते. तिथे मायाळू लावा. बोटभर लांबीचा देठ मेच्या अखेरीस खोचला की पावसात वेल ग्रीलवर चढतो, तीन-चार तासांच्या उन्हावर भागवतो, आणि श्रावणात भज्यांपुरती पानं देतो.